बोलता येतंय तोवर ठरवून घ्या: तोंडाच्या कॅन्सरच्या तपासण्या आणि उपचार, दोघांनी मिळून

तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारांत काही आठवडे असे येतात की रुग्णाला बोलताच येत नाही. ऑपरेशननंतर गळ्यात श्वासाची नळी असते, जिभेला सूज असते, पुढे रेडिएशननं तोंड आतून सोलवटतं. आणि नेमके त्याच दिवसांत घरचे, पैशांचे, प्रवासाचे प्रश्न एकामागून एक उभे राहतात. बायोप्सीचा रिपोर्ट आल्यापासून ऑपरेशनपर्यंत जे दोन-चार आठवडे मिळतात, ते नवरा-बायकोनं बोलून घेण्यासाठी वापरावेत. इथं जे लिहिलंय ते कोकणातल्या जोडप्यांसाठी, ज्यांना मोठं हॉस्पिटल म्हणजे एका रात्रीचा प्रवास.

'त्याला आजाराचं नाव सांगू नका' किंवा 'तिला झेपणार नाही, तिला कळू देऊ नका' असं घरात परस्पर ठरतं. या आजारात ते टिकत नाही. गुळण्या, व्यायाम, नळीतून जेवण, सगळं रुग्णानं स्वतः मन लावून करायचं असतं आणि कशासाठी करतोय हे माहीत नसेल तर चौथ्या दिवशी तो कंटाळतो. दोघांनी डॉक्टरसमोर एकत्र बसावं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं वहीत लिहायचं. दोघंही ऐकत बसलात तर बाहेर आल्यावर दोघांना दोन वेगळ्या गोष्टी आठवतात.

पहिल्या आठवड्यातली कामं

एक जाड फाईल आणि एक वही घ्या. फाईलमध्ये बायोप्सीचा रिपोर्ट, रक्ताचे रिपोर्ट, आधार, रेशन कार्ड आणि त्यांच्या पाच-पाच झेरॉक्स. बायोप्सी गावाकडे झाली असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन निघू नका. लॅबकडून काचेची स्लाईड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला काढलेला तुकडा, हेही मागून घ्या. मोठं हॉस्पिटल तो तुकडा आपल्याकडे पुन्हा तपासतं. ब्लॉक नसेल तर आठ दिवस फुकट जातात, नाहीतर पुन्हा तुकडा काढावा लागतो. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण आहे ते.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, आधी त्याला गाठा. कुठलं ऑपरेशन, कुठली केमो, कुठला स्कॅन योजनेत बसतो हे त्याच्याकडून लिहून घ्या आणि मंजुरी येण्याआधी स्वतःच्या खिशातून पैसे भरू नका. रेशन कार्डावर नाव नसणं किंवा आधारवरचं स्पेलिंग वेगळं असणं, बहुतेक अडचणी इथंच येतात. त्या तहसीलमध्ये सुटतात, मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात सुटत नाहीत. म्हणून निघण्याआधीच बघा.

प्रवासाचं असं. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवरच काढावं लागतं. परळला जायचं तर सावंतवाडीहून सुटणारी तुतारी एक्स्प्रेस सोयीची, रात्रभर चालून सकाळी दादरला सोडते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, अपॉइंटमेंट घेताना हे लक्षात ठेवा. एसटीत बाईमाणसाला अर्धं तिकीट आहेच.

मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही जुनी ठिकाणं. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी लागते, आणि जागा मिळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्याच फेरीत अर्ज टाका.

सगळे उपचार मुंबईतच झाले पाहिजेत असं नाही. ऑपरेशन मोठ्या ठिकाणी आणि सहा आठवड्यांचं रेडिएशन घराजवळ, अशी वाटणी करता येते. चिपळूणजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालयात कॅन्सरचे उपचार होतात. सिंधुदुर्गातल्यांना कोल्हापूर किंवा गोवा जवळ पडतं. डॉक्टरला सरळ विचारा, 'रेडिएशन जवळच्या केंद्रात घेतलं तर चालेल का, तिथल्यांना तुम्ही पत्र द्याल का?' असं विचारण्यात कुणाचा अपमान नाही.

आणि कौल. ग्रामदेवतेला कौल लावायचा असेल, गाऱ्हाणं घालायचं असेल, तर जरूर घाला. पण ऑपरेशनची तारीख आधी पक्की करून मग. निदान झाल्यापासून महिन्याभराच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. झाडपाल्याचं काही चालू असेल तर ते डॉक्टरपासून लपवू नका. काही औषधांनी रक्त पातळ होतं, काहींनी मूत्रपिंडावर ताण येतो.

स्कॅनच्या खोलीत

तोंडाच्या कॅन्सरला साधारण तीन स्कॅन होतात. तिन्ही सगळ्यांना लागतात असं नाही.

गालाच्या किंवा हिरडीच्या जखमेला बहुतेकदा सीटी स्कॅन पुरतो. हाताच्या शिरेतून औषध देतात, म्हणून मूत्रपिंड नीट चालतंय का हे कळायला आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात आणि चार तास उपाशी बोलावतात. औषध आत जाताना अंगभर गरम लाट येते, तोंडात धातूची चव येते, लघवी होतेय की काय असं वाटतं. होत नाही. हे आधी माहीत नसलं की माणूस दचकून हलतो आणि फोटो बिघडतो. मधुमेहाच्या गोळ्यांत मेटफॉर्मिन असेल तर आधीच सांगा.

एक गोष्ट घरी सरावानं करून जा. गाल फुगवणं. गाल आणि हिरडी एरवी एकमेकांना चिकटलेली असतात. तसाच स्कॅन काढला तर गाठ गालाची की हिरडीची, हाडापर्यंत गेलीय की नाही, हे फोटोत कळत नाही. ओठ मिटून, दोन्ही गालांत हवा भरून, नाकानं श्वास चालू ठेवत पंधरा-वीस सेकंद तसंच राहायचं. समोर बसून जोडीदारानं घड्याळ लावायचं. पहिल्या खेपेला पाच सेकंदांतच हसू येतं, येऊ दे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत जमतं. सुपारीनं गाल कडक झाले असतील, किंवा जखम ओठाच्या कोपऱ्यापर्यंत असल्यानं हवा सुटत असेल, तर टेक्निशियनला आधी सांगा. आणि टेक्निशियन विसरला, तर तुम्ही आठवण करा.

जिभेच्या गाठीला एमआरआय जास्त चांगला. तीस ते पंचेचाळीस मिनिटं, बोगद्यात, कानाशी ठोकाठोक. मंगळसूत्र, जोडवी, नथ, करगोट्यातली चांदी, दंडातला ताईत, काढता येणारी कवळी, सगळं घरीच काढून ठेवा. ऐनवेळी बायकोचं मंगळसूत्र काढायचं म्हटलं की सासू-सुनेत वाद होतो आणि नंबर जातो. पेसमेकर किंवा शरीरात कुठलीही पट्टी, स्क्रू असेल तर तो सांगायचाच. सारखी थुंकी गिळली की जिभेचा फोटो पुसट येतो. ती साठू द्यायची आणि दोन आवाजांच्या मधल्या शांततेत गिळायची.

पेट स्कॅन आजार पुढे गेलेला असेल तेव्हा सांगतात. सहा तास उपाशी, फक्त साधं पाणी. साखर साधारण २०० च्या आत लागते, नाहीतर परत पाठवतात. आदल्या दिवशी नारळ सोलणं, लाकडं फोडणं, होडी ओढणं बंद. स्कॅनसाठी टोचलेलं किरणोत्सारी औषध दमलेले स्नायू शोषून घेतात आणि फोटोत उगाच उजळतात. त्याच कारणानं इंजेक्शननंतरचा तासभर बोलायचं नाही, चघळायचं नाही. इथं जोडीदाराची जबाबदारी म्हणजे गप्प बसणं. धीर द्यायला म्हणून गप्पा मारल्यात तर जीभ आणि घसा उजळून येतात, आणि आपल्याला तर नेमकं तिथंच बघायचं असतं. खोली थंडगार असते, शाल न्या. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गरोदर सून, लेक आणि लहान नातवंडांपासून रुग्णानं लांब राहायचं, भरपूर पाणी प्यायचं.

रिपोर्ट हातात येतो तेव्हा

हल्ली रिपोर्ट रात्री मोबाईलवर येऊन पडतो. उघडायचा की डॉक्टरसमोरच वाचायचा, हे स्कॅनच्या आधी ठरवा. उघडायचं ठरलं तर दोघांनी एकत्र उघडावा आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नये. कुणीतरी डॉक्टर असलेला भाचा रात्री अकराला काहीतरी बोलतो आणि झोप उडते.

वाचताना दोन-तीन गोष्टी लक्षात असू द्या. 'सस्पिशस' म्हणजे संशयास्पद, पक्कं नव्हे. मानेतल्या गाठी दात किडल्यानंही सुजतात. सुईनं पाणी काढून तपासल्यावरच कळतं. पेट स्कॅनमधला एसयूव्हीचा आकडा, म्हणजे गाठीनं औषध किती शोषलं त्याचं माप, म्हणजे स्टेज नाही. गाठ २ सेंटिमीटरपर्यंत की ४ च्या पुढे, ती किती मिलिमीटर खोल गेलीय, हाडात गेलीय का आणि मानेत किती गाठी आहेत, यावर स्टेज ठरते. वहीत एवढंच उतरवा.

मानेबद्दल एक प्रश्न जवळपास प्रत्येक घरात निघतो. हाताला गाठ लागत नाही, स्कॅनमध्येही नाही, मग मान का कापायची? लागण अगदी बारीक असेल तर कुठल्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये यावरच अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांपैकी ज्यांच्या मानेतल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनात काढल्या, त्यांच्यातले तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसल्यावर बघू म्हणून थांबलेल्यांत ते प्रमाण ६७.५ टक्के होतं. मान वाचवण्याचा हट्ट धरण्याआधी हे दोन आकडे दोघांनी शेजारी ठेवून बघावेत.

ऑपरेशनच्या आधी बोलून घ्यायचं

बँकेचा नॉमिनी, मोबाईलचं लॉक, यूपीआयचा पिन, विम्याची पावती कुठल्या ट्रंकेत, कलमांची फवारणी कोण करणार, आंबा कुणाला द्यायचा, होडी चालू ठेवायची की बंद. अर्ध्या तासाचं काम आहे, पण नंतर पाटीवर लिहून विचारायला लागलं की जीव मेटाकुटीला येतो.

खुणा ठरवा. दुखतंय, कफ अडकलाय, लघवीला जायचंय, तहान, कुशीवर वळव, पाहुण्यांना जायला सांग. शेवटची खूण सगळ्यात जास्त लागते. एक लहान पाटी किंवा खोडता येणारा बोर्ड बरोबर न्या. लिहिता येत नसेल तर पुठ्ठ्यावर चित्रं काढून न्या.

डॉक्टरला विचारा की फ्लॅप, म्हणजे कापलेली जागा भरायला लागणारा तुकडा, अंगावर कुठून घेणार. छातीचा, हाताचा की पायाच्या हाडाचा? त्यावर ठरतं की घरी आल्यावर चालायला अडचण की हात उचलायला. दाताच्या डॉक्टरकडेही आत्ताच जा. रेडिएशन होणार असेल तर किडलेले दात ते सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे काढून झालेले पाहिजेत.

आणि पानाचा डबा. अडकित्ता, मिश्रीची डबी, अंगणात वाळत घातलेली सुपारी, सगळं घराबाहेर. श्रीवर्धनपासून खाली सगळीकडे सुपारी घरचीच असते, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तंबाखू न घालता खाल्लेली सुपारीही कॅन्सर करते, गाल कडक करते. जोडीदारानंही त्याच दिवशी सोडायचं. एकानं मिश्री लावायची आणि दुसऱ्यानं सोडायची, हे एका घरात जमत नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारी फोन आहे, १८००-११-२३५६, फुकट.

वॉर्डातून घरी: नळीतून जेवण

पहिल्यांदा चेहरा बघायचा तो वॉर्डात, नर्स शेजारी असताना. घरी आल्यावर न्हाणीघरातल्या आरशात एकट्यानं नको. जोडीदारानंही ड्रेसिंग होताना थांबून बघावं, म्हणजे घरी गेल्यावर नजर चुकवावी लागत नाही. सूज खूप असते, ती पुढं बरीच उतरते.

नाकातून पोटापर्यंत नळी असते. डिस्चार्जच्या आधी नर्ससमोर दोघांनी किमान तीन वेळा स्वतःच्या हातानं भरवून घ्या. क्रम असा:

१. नाकपुडीपाशी नळीवर कुठला आकडा आहे तो बघा. डिस्चार्जला होता तोच हवा. नळी दोन-तीन बोटं बाहेर आलेली दिसली तर भरवू नका.
२. रुग्णाला ताठ बसवा. झोपवून कधीच नाही.
३. ५० मिलिलिटरच्या सिरिंजनं हळूच थोडं मागे ओढा. आधीचं जेवण २०० मिलिलिटरपेक्षा जास्त आलं तर तासभर थांबा.
४. नळी दुमडून धरून सिरिंजचा दांडा काढा, नुसती नळकांडी लावा. ३० मिलिलिटर पाणी सोडा.
५. जेवण आपोआप उतरू द्या. सिरिंज नाकाच्या वीत-दीड वीत वर. २०० ते २५० मिलिलिटरला पंधरा-वीस मिनिटं. दांड्यानं ढकललं तर ओकारी येते, आणि ओकारीतलं छातीत गेलं तर न्यूमोनिया होतो.
६. पुन्हा ३० मिलिलिटर पाणी, नळी बंद. पुढचा पाऊण तास बसूनच.

भरवताना खोकला लागला, श्वास लागला, तर लगेच थांबा. नळी निघाली तर घरी परत घालू नका. ती श्वासनलिकेत जाऊ शकते.

काय घालायचं? ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १८०० कॅलरी आणि ७२ ते ९० ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या तांदळाच्या पेजेवर हे होत नाही, आणि कोकणात पेजेवरच दिवस काढले जातात. माणूस वाळतो तो इथंच. हिशेब असा धरा: एक लिटर दूध, तीन उकडलेली अंडी, ६० ग्रॅम मूगडाळ, १०० ग्रॅम काटे काढलेला उकडलेला मासा. एवढ्यात ८० ग्रॅमच्या वर प्रथिनं होतात. त्यात १२० ग्रॅम नाचणी किंवा तांदूळ आणि तीन मोठे चमचे तूप किंवा खोबरेल. शाकाहारी घरात माशाच्या जागी पनीर, दाण्याचं कूट आणि जास्तीची डाळ. सगळं मऊ शिजवून, मिक्सरला दोनदा फिरवून, आधी गाळणीनं आणि मग मलमलच्या फडक्यानं गाळायचं. नळी तुंबते ती न गाळल्यानं, किंवा गोळी भरड कुटल्यानं. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी, म्हणजे नऊ वेळा. कोमट, मनगटावर थेंब टाकून बघायचं. केलेलं जेवण उन्हाळ्यात दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. पावसात लाईट जाते, त्यामुळे मिक्सरचं काम लाईट असतानाच उरका आणि फ्रीज बंद पडला तर उरलेलं टाकून द्या. गळ्यातली नळी घेऊन घरी येणार असाल तर कफ ओढायचं सक्शनचं मशीन पायानं चालणारं किंवा बॅटरीचं घ्या, नुसतं विजेवरचं नको.

नवव्या-दहाव्या दिवसापासून रुग्णानं आरशासमोर बसून स्वतःच भरवायला शिकावं. गुळण्या, व्यायाम, वजन लिहिणं हीही कामं त्याचीच. जोडीदारानं फाईल, गोळ्या आणि स्वयंपाक बघावा. सगळंच एकानं ओढलं तर तिसऱ्या आठवड्यात तो आजारी पडतो. आठवड्यातून दोन रात्री दीर, जाऊ, बहीण, मुलगा, कुणीतरी तिसरं खोलीत झोपलं पाहिजे. आणि जोडीदारानं नीट जेवावं. रुग्णाच्या नाकात नळी आहे म्हणून घरात मासे तळणंच बंद होतं, किंवा मागच्या पडवीत लपून जेवलं जातं. त्याला विचारा. वास सहन होत नसेल तर वेळ ठरवा, पण उपाशी राहू नका.

जखमेवर माशी बसू देऊ नका. उघडी, ओली जखम आणि कोकणातल्या माश्या, यातून अळ्या पडतात. गॉज झाकून ठेवा, दुपारीही मच्छरदाणीत झोपवा.

रेडिएशन: सहा आठवडे, आणि मध्ये गणपती

याला आपल्याकडे कुणी 'लाईट देणं' म्हणतं. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. बहुतेकदा आठवड्यातून पाच दिवस, एकूण ३० वेळा.

आधी मास्क करतात. जाळीदार प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर आणि खांद्यांपर्यंत ओढतात, दहा-पंधरा मिनिटांत ते घट्ट होतं. जाळीतून श्वास घेता येतो. दाढी-मिशी, केस त्याआधीच कमी करून जा, नंतर केलंत तर मास्क सैल पडतो. भीती वाटली तर हात वर करायचा, बाहेर पडद्यावर दिसतं. आत रुग्ण एकटाच, पण पाच-दहा मिनिटंच. पेट स्कॅनसारखं यात अंगात काही राहत नाही. घरी येऊन नातवाला मांडीवर घ्यायला हरकत नाही.

पहिले दोन आठवडे काहीच होत नाही आणि माणूस म्हणतो, उगाच घाबरलो. तिसऱ्यात तोंड सोलवटायला लागतं, पाचव्या-सहाव्यात सगळ्यात वाईट असतं, आणि संपल्यावरही दोन आठवडे तसंच राहतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा खाण्याचा सोडा, रोज ताजं, जागेपणी दर दोन तासांनी गुळणी. कोकम, चिंच, सोलकढी, मालवणी मसाला बंद. नारळाचं दूध, नाचणीची खीर, मऊ भात आणि अंडं चालतं. दुखण्यासाठी मॉर्फिन दिलं तर घ्या, त्याची सवय लागेल म्हणून अर्धी गोळी देऊ नका. पोट साफ होण्याचं औषध मात्र बरोबर मागून घ्या. मानेवर साबण, हळद, खोबरेल लावून जाऊ नका. कॉलर नसलेला सुती सदरा, बाहेर छत्री.

दर सोमवारी त्याच काट्यावर वजन. आठवड्याला किलोपेक्षा जास्त उतरलं तर डॉक्टरला सांगा. वजन उतरलं की मास्क सैल होतो, मास्क सैल झाला की नेम चुकतो, आणि सगळं प्लॅनिंग पुन्हा करावं लागतं. नाकात पुन्हा नळी घालू म्हणाले तर ती हार नव्हे.

आता गणपती. कोकणात शिमगा आणि गणपती चुकवायचे नसतात, आणि खाडे पडतात ते इथंच. पाच दिवसांच्या गणपतीला गावी जाऊन आलं की चार-पाच खेपा बुडतात. मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात, शेवटी खेपा वाढवून ते पूर्ण भरून निघत नाही. पहिल्याच दिवशी कॅलेंडर घेऊन बसा. सण मध्ये येत असेल तर डॉक्टरला सांगा. मशीन कधी बंद आहे, शनिवारी भरून काढता येतं का, एका दिवसात सहा तासांच्या अंतरानं दोनदा देता येतं का, हे ते बघतात. शुक्रवारी खेप घेऊन रात्रीच्या गाडीनं जाणं, रविवारी निघून सोमवारी हजर होणं, एवढं जमण्यासारखं आहे. पूजेला या वर्षी भाऊ बसेल.

केमो बरोबर असेल तर बहुतेकदा आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध. त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस पाणी मोजून द्या, लघवीही मोजा. कानात आवाज यायला लागले तर लगेच सांगा. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की तो घरी काढायचा ताप नाही. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका. तोंडातून किंवा मानेतून लाल रक्ताची धार लागली तर स्वच्छ फडक्यानं घट्ट दाबून धरा आणि तसेच निघा. गाडी कुणाची, हे आधीच ठरलेलं असू दे.

अंथरुणाचं

हा आजार लागत नाही. ताट-वाटी, अंथरूण वेगळं करायचं कारण नाही. वास येत असेल तर डॉक्टरला सांगा, त्यावर औषध असतं. उदबत्ती लावून लपवू नका. जखमा भरल्यावर जवळीक करायला हरकत नाही. केमो चालू असताना आणि नंतर काही महिने दिवस राहू देऊ नका, किती महिने ते विचारून घ्या. बरेच दिवस काहीच इच्छा होत नाही, ते थकव्यामुळे. तेवढं एकमेकांना सांगितलं तरी पुरतं.

त्यानंतर

तोंड उघडण्याचा व्यायाम वर्षभर तरी चालू ठेवायचा. पुढच्या दातांमध्ये उभी तीन बोटं मावली पाहिजेत. मावत नसतील तर आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांत धरा, दिवसातून पाच वेळा, आणि दर तीन-चार दिवसांनी एक काडी वाढवा. खांदा जड पडतो. भिंतीवर बोटांनी चढत जाण्याचा व्यायाम करा, पण रहाटाचं पाणी ओढणं काही महिने दुसऱ्यानं.

रेडिएशननंतरचा पेट स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. लवकर करा म्हणून मागे लागू नका, सूजच आजारासारखी उजळते आणि सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी दाखवायचं, मग अंतर वाढत जातं. मानेला रेडिएशन झालं असेल तर थायरॉइडची तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी. जबड्यातला दात परस्पर काढू नका, दहा वर्षांनीही नाही. रेडिएशन झालेलं हाड भरत नाही.

महिन्यातून एकदा दोघांनी एकमेकांचं तोंड बघा. बॅटरी, आरसा, स्वच्छ फडकं. ओठ आतून, दोन्ही गाल, वरची-खालची हिरडी, टाळू; मग जीभ फडक्यात धरून दोन्ही कडा आणि खालचा भाग. शेवटी मानेवरून बोटं फिरवा. पांढरा किंवा लाल डाग, कडक कड असलेला व्रण, विनाकारण हललेला दात. दोन-तीन आठवड्यांत न भरलेल्या व्रणाला तुकडा काढूनच तपासायचं, अँटिबायोटिकचा दुसरा कोर्स नाही. आधी रुग्णाचं तोंड, मग जोडीदाराचं. मिश्री लावत आलेल्या बाईचं तर नक्की.